बोअर मारण्याआधी : मुरलेल्या पेट्रोलबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात जमिनीत पुरलेल्या जुन्या इंधनटाक्यांवर लिहिलं, तेव्हापासून पत्रं येतच आहेत. बहुतेकांचा रोख एकच : आपल्या स्वतःच्या जागेत पेट्रोल-डिझेल मुरल्याचा संशय आला तर शोध घ्यायचा कसा? भूजलातल्या तेलप्रदूषणाची तपासणी हेच माझं काम, त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत. ज्या घरात ते पाणी आजही वापरात आहे, त्या पत्राला आधी घेते.

प्रश्न : आमच्या बोअरच्या पाण्याला काही दिवसांपासून रॉकेलसारखा वास येतो. शेजारच्या मोकळ्या जागेत पूर्वी गाड्यांचं गॅरेज होतं. आम्ही पाणी उकळून पितो, घरात आरओही आहे. एवढं पुरेसं आहे ना? आणि तपासणी कुठून सुरू करू? – एक गृहिणी

नाही, पुरेसं नाही. उकळणं तर आजपासून बंद करा. उकळल्याने जंतू मरतात. पेट्रोलमधलं बेंझिन वाफेबरोबर पाण्यातून निघतं आणि घरातल्या हवेत येतं. पोटात जाणारं कमी झालं, तरी छातीत जाणारं वाढलं. म्हणून या पाण्याने गरम अंघोळही नको. अतिनील दिव्याचा इथे काही उपयोग नाही. आरओ यंत्रातला सक्रिय कोळसा बेंझिन शोषतो खरा, पण त्याची क्षमता कधी संपली ते बाहेरून कळत नाही, आणि संपल्यावर सगळं सरळ पुढे जातं. अहवाल हातात येईपर्यंत पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसरीकडून आणा.

बेंझिनबद्दल मी इतकी हट्टी आहे त्याला कारण आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ते पहिल्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या पदार्थांत ठेवलं आहे. पिण्याच्या पाण्यासाठी संघटनेने दिलेली मर्यादा लिटरला १० मायक्रोग्रॅम. आता हिशेब करा. पेट्रोलमध्ये १ टक्का बेंझिन धरलं, तर १ लिटर पेट्रोलमध्ये ते ७-८ ग्रॅम भरतं. एवढं बेंझिन ७ लाख लिटरहून जास्त पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. नाकावर विसंबू नका. नुसत्या बेंझिनचा वास पाण्यात जाणवायला ते या मर्यादेच्या शेकडो पट असावं लागतं. तुम्हाला येतोय तो वास इंधनातल्या इतर घटकांचाही असेल. उद्या तो कमी झाला म्हणून पाणी पिण्याजोगं झालं असं समजू नका.

तपासणीची सुरुवात तुमच्या बोअरपासूनच. पंप शक्य तितका कमी चालवा, कारण उपसा जोरात झाला की दूषित पाणी तुमच्याकडे ओढलं जातं. पण बोअर बुजवू नका, त्यात ब्लीचिंग पावडरही टाकू नका. सध्या तोच तुमचा एकमेव पुरावा आहे. प्रयोगशाळेकडून बाटल्या मागवून नमुना घ्या (कसा घ्यायचा, ते पुढच्या एका उत्तरात आहे). तोवर आसपासच्या विहिरी आणि बोअर कुठे आहेत, किती खोल आहेत, कोण त्यांचं पाणी पितं, याची यादी करा. पाणीपुरवठा आणि प्रदूषण पाहणाऱ्या स्थानिक यंत्रणेला लेखी कळवा.

आणखी एक गोष्ट, जी फार थोड्यांना माहीत असते. नळाचा प्लास्टिकचा पाइप वासाच्या मातीतून जात असेल तर तो कुठेही फुटलेला नसताना बेंझिन आणि टोल्युइन पाइपच्या भिंतीतून आत झिरपतात. बोअर बंद करून नळाच्या पाण्यावर आलात, तरी नळाचाही एक नमुना द्या. तो रात्रभर पाइपात थांबलेल्या पाण्याचा, सकाळी पहिल्या धारेचा हवा.

प्रश्न : जुनं वर्कशॉप पाडून त्या जागी घर बांधत आहोत. पायाच्या खड्ड्यात दीड मीटरखाली करडी, पेट्रोलचा वास येणारी माती लागली. ठेकेदार म्हणतो, तेवढी माती उचलून बाहेर टाकू, मुरूम भरू आणि काम पुढे नेऊ. तपासणीची खरंच गरज आहे का? असेल तर नेमकं काय काय करावं लागतं? – एक जागामालक

गरज आहे, आणि ठेकेदाराचं ऐकू नका. माती उचलली की तुमचा पुरावा गेला, आणि ती जिथे टाकाल तिथे दुसऱ्या कोणाच्या तरी पाण्याशेजारी नवी घाण तयार झाली. खड्डा आहे तसा ठेवा, पावसाचं पाणी आत जाणार नाही असा झाका आणि कोणालाही खाली उतरू देऊ नका. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खोलगट जागी साचते, आणि हवेत तिचं प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास गेलं की एक ठिणगी पुरते.

करड्या रंगाकडे तुम्ही लक्ष दिलंत हे फार चांगलं झालं. मातीला तांबूस-पिवळी छटा येते ती लोहाच्या गंजामुळे. इंधन खाणारे जिवाणू आधी मातीतला प्राणवायू संपवतात, मग या गंजाकडे वळतात, आणि लोह विरघळलं की माती करडी-हिरवट पडते. पाणथळ जागेतली चिकणमाती मुळातच करडी असू शकते, त्यामुळे नुसत्या रंगावर निकाल द्यायचा नाही. पण सोबत वास असेल तर हे मुरणं बऱ्याच काळापासूनचं आहे असं मी धरून चालेन.

पहिला टप्पा कागदांचा आणि माणसांचा. अमेरिकेत या टप्प्यासाठी एएसटीएम या संस्थेचं ई १५२७ हे प्रमाण वापरतात. त्यात मातीचा एकही नमुना नसतो, असतो तो जागेचा इतिहास, पाहणी आणि मुलाखती. जुने नकाशे, हवाई छायाचित्रं, परवाने, वीजजोडणीचे कागद काढा. मी तर अशा जागेवर गेले की तिथे पूर्वी काम केलेलं एखादं माणूस शोधते. गाडीचं जुनं ऑइल कुठे ओतायचे, गाड्या धुतलेलं पाणी कुठे जायचं, टाकी कोणत्या भिंतीशी होती, हे त्याला जितकं ठाऊक असतं तितकं कोणत्याच नकाशात नसतं. जागेवर खुणा बघा : भिंतीलगत उभा, वर वाकवलेला लोखंडी पाइप, जमिनीत शिरलेली कापलेली तांब्याची नळी, जमिनीसरसं गोल झाकण, खचलेला किंवा नव्याने ओतलेला काँक्रीटचा चौकोन. लोखंडी टाकी चुंबकमापकाने सापडते. जमिनीत लहरी सोडणारं रडारही वापरतात, पण चिकणमातीत त्याच्या लहरी लवकर विरतात, म्हणून फक्त त्यावर भिस्त ठेवू नका.

बोअर कुठे मारायचे ते ठरण्याआधी इंधन खाली कसं उतरतं ते डोळ्यांसमोर आणा. गळालेलं पेट्रोल सरळ खाली जातं, पण जाताना मातीच्या कणांमध्ये स्वतःचा काही भाग सोडत जातं. वाटेत चिकणमातीचा थर आला की आडवं पसरतं. भूजलापर्यंत पोचलं तर पाण्यापेक्षा हलकं असल्याने वरच तरंगतं, आणि त्यातले विरघळणारे घटक पाण्याबरोबर पुढे वाहू लागतात. शिवाय मलवाहिनी, केबल, नळ यांचे चर भुसभुशीत भरावाचे असतात. इंधन आणि त्याची वाफ या चरांतून अनपेक्षित दिशेला लांबवर जातात. जागेखालून जाणाऱ्या प्रत्येक वाहिनीचा नकाशा म्हणूनच हवा. केबल तोडायची नाही हे त्याचं एकच कारण नव्हे.

मग बोअर. एक उगमाशी, काही भूजल वाहून जातं त्या अंगाला, एक वरच्या अंगाला, जिथे काही सापडू नये अशी अपेक्षा आहे. तो वरचा बोअर पैसे वाचवायला कोणी गाळत असेल तर गाळू देऊ नका. बाकीच्या आकड्यांची तुलना करायची ती त्याच्याशीच. खोली आधीच कागदावर ठरवून टाकू नका. वासाचा थर ओलांडून स्वच्छ माती लागेपर्यंत जायचं. मात्र खाली सलग चिकणमाती लागली तर थांबायचं, कारण तिच्या आरपार भोक पाडलं तर खालच्या स्वच्छ पाण्याला आपणच वाट करून दिली असं होतं.

बोअरमधून माती वर येते तशी प्रत्येक थराची नोंद होते : रंग, ओल, कण, वास. थोडी माती पिशवीत बंद करून काही मिनिटं ठेवतात आणि वरच्या हवेत पीआयडी नावाचं हातात धरायचं यंत्र लावतात. ते वाफेचा अंदाज देतं. प्रयोगशाळेत कोणता नमुना पाठवायचा ते यावरून ठरतं, पण हा आकडा म्हणजे अहवाल नव्हे. ओल्या हवेत तो घसरतो, आणि जुन्या डिझेलला उडणारा अंशच थोडा असल्याने ते या यंत्राला नीट दिसत नाही. तुमच्या इथे माती बघायला स्वतः उभे राहा. नोंदी लिहिणारी व्यक्ती प्रत्येक थर हातात घेऊन बघते आहे की गाडीत बसून लिहिते आहे, एवढ्यावरून मला पुढच्या अहवालाचा दर्जा कळतो.

प्रयोगशाळेकडून बेंझिन, टोल्युइन, इथाइलबेंझिन, झायलिन, नॅफ्थलिन, आणि पेट्रोल, डिझेल, वंगण अशा पट्ट्यांत विभागलेले एकूण हायड्रोकार्बन (इंधन ज्यांचं बनतं ते कार्बन-हायड्रोजनचे रेणू) मागा. तुमची जागा वर्कशॉपची असल्याने शिसं आणि ट्रायक्लोरोइथिलीनसारखे क्लोरीनयुक्त द्रावकही तपासायला सांगा. सुट्या भागांवरचं ग्रीस काढायला ते वापरले जायचे, आणि ते पाण्यापेक्षा जड असल्याने भूजलात तळाकडे जातात. फक्त पेट्रोल शोधणाऱ्या तपासणीत ते निसटून जातात.

भूजलासाठी निरीक्षण-विहिरी लागतात, म्हणजे बोअरमध्ये बसवलेला साधारण दोन इंची पाइप, ज्याच्या एका भागाला बारीक चिरा असतात. इथे दोन गोष्टी स्वतः बघून घ्या. चिरांचा भाग पाण्याच्या पातळीच्या थोडा वर आणि थोडा खाली असा दोन्हीकडे हवा; तो पूर्ण पाण्याखाली गेला तर वर तरंगणारं तेल विहिरीत येणारच नाही. आणि पाइपचे जोड आट्यांचे हवेत, डिंकाचे नकोत. पीव्हीसीच्या डिंकात द्रावकं असतात आणि तीच नंतर पाण्याच्या अहवालात दिसतात.

शेवटी घराबद्दल. मातीत प्राणवायू असेल तर पेट्रोलच्या वाफा वर येता येता काही मीटरच्या स्वच्छ मातीत जिवाणूंकडून संपतात. पण तुमचा पाया थेट वासाच्या मातीवर बसणार असेल तर मध्ये ती स्वच्छ माती उरतच नाही. म्हणून मातीतल्या वायूचे नमुने घ्या, ते पाया ओतण्याआधी. नंतर तेच काम जमीन फोडून करावं लागतं.

प्रश्न : विहिरीच्या पाण्यावर इंद्रधनुषी तवंग दिसतो. हे तेलच समजायचं का?

दरवेळी नाही. लोह असलेल्या पाण्यावर काही जिवाणूही असाच तवंग तयार करतात. काडीने तो हलवून बघा. जिवाणूंचा तवंग काचेसारखा तडकून तुकड्यांत विभागला जातो आणि तुकडे वेगळे राहतात. तेलाचा तवंग काडीमागे वळतो, ताणला जातो आणि पुन्हा एकत्र येतो. तेलाला बहुतेकदा वासही असतो. काडीची परीक्षा घरच्या घरी पहिल्या अंदाजासाठी ठीक. संशय उरला तर नमुना द्यायचा.

प्रश्न : आमच्या विहिरीला पेट्रोलचा स्पष्ट वास असताना प्रयोगशाळेचा अहवाल आला : बेंझिन "आढळले नाही". आता पैसे पुन्हा घालवायचे का? अहवालाची प्रत आणि नमुना कसा घेतला ते सोबत लिहिलं आहे.

घालवायचे, पण या वेळी योग्य नमुन्यावर. तुमचं पत्र वाचताना वाईट वाटलं, कारण तुम्ही मन लावून केलंत आणि पद्धत कोणी सांगितलीच नाही.

तुम्ही पाणी बादलीने काढलंत, प्लास्टिकच्या बाटलीत अर्ध्यापर्यंत ओतलंत आणि चार दिवसांनी साध्या गाडीने प्रयोगशाळेत पोचवलंत. बेंझिन मिळेल तिथून हवेत जातं. बादली ओतताना ते उडालं, बाटलीच्या रिकाम्या अर्ध्या भागात उडालं, बाटलीच्या भिंतीत शिरलं, आणि उरलेलं उन्हात जिवाणूंनी खाल्लं. प्रयोगशाळेने तिच्या हाती आलेल्या पाण्याचं खरं तेच सांगितलं.

उडून जाणाऱ्या घटकांसाठी ४० मिलिलिटरच्या काचेच्या लहान बाटल्या असतात, टेफ्लॉनचा पापुद्रा लावलेल्या झाकणाच्या. प्रयोगशाळा त्यांत थोडं हायड्रोक्लोरिक आम्ल घालून देते, ते जिवाणूंना थांबवण्यासाठी. म्हणून बाटली आतून विसळायची नाही. पाणी काठाशी घुमट येईपर्यंत हळू भरायचं, झाकण लावायचं, बाटली उलटी करून टिचकी मारायची. बुडबुडा दिसला तर ती बाजूला ठेवून नवी घ्यायची. मग लगेच बर्फात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास, पण गोठवायची नाही. आम्ल घातलेला नमुना १४ दिवसांच्या आत तपासला जायला हवा. सोबत प्रयोगशाळेतूनच भरून आलेली स्वच्छ पाण्याची एक बंद बाटली ये-जा करते. तिच्यात बेंझिन निघालं तर ते वाटेत शिरलं असं कळतं.

मातीचंही तसंच. चार जागची माती एकत्र कालवून एक नमुना पाठवण्याची पद्धत शेतीच्या माती-परीक्षणात चालते, इथे नाही. कालवताना वाफ जाते, आणि एका जागची घाण तीन जागच्या स्वच्छ मातीत पातळ होऊन दिसेनाशी होते. अखंड गाभ्यातून लहान नळीने साधारण ५ ग्रॅम माती काढून तिथल्या तिथे मिथेनॉलच्या बाटलीत टाकतात.

तुमच्या अहवालात आणखी एक गोष्ट आहे, जी तुमच्या लक्षात आली नसावी. "आढळले नाही" च्या पुढे बारीक अक्षरात लिहिलंय : शोधमर्यादा ५० मायक्रोग्रॅम प्रति लिटर. म्हणजे ४९ असतं तरी त्यांनी हेच लिहिलं असतं, आणि पिण्याच्या पाण्याची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे १०. पुढच्या वेळी नमुना देण्याआधीच विचारा, तुमची शोधमर्यादा किती? ती निकषाच्या बरीच खाली नसेल तर दुसरी प्रयोगशाळा गाठा.

प्रश्न : आमच्या प्लॉटपासून सुमारे १२० मीटरवर इंधनपंप आहे. आमच्या विहिरीत पेट्रोल उतरलंय, पण पंपाचे मालक म्हणतात, तुमच्याच जुन्या जनरेटरच्या टाकीतून गळालं असेल. हे कोणाचं, ते सिद्ध होऊ शकतं का?

बऱ्याच वेळा होतं, पण भांडणाआधी मोजमाप झालं तर. एका विहिरीवरून पाणी कुठून कुठे जातं हे कोणालाच सांगता येत नाही. त्रिकोणात तीन निरीक्षण-विहिरी लागतात. प्रत्येकीच्या पाइपच्या तोंडाची उंची लेव्हल लावून मोजायची आणि एकाच दिवशी, आसपासचे पाण्याचे पंप बंद असताना, तिन्हींची पाणीपातळी घ्यायची. त्यावरून उतार आणि दिशा निघते. विहिरीत तेल तरंगत असेल तर त्याच्या वजनाने पाणी थोडं खाली दाबलेलं असतं. तेलाच्या जाडीला त्याच्या घनतेने गुणून ती दुरुस्ती केली नाही तर दिशा चुकू शकते. आणि जमीन कातळाची असेल तर पाणी भेगांतून जातं. तिथे तीन विहिरींचा सरळ हिशेब फसवू शकतो, भेगांचा रोखही बघावा लागतो.

वेगाचा अंदाज हेन्री दार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली मांडलेल्या नियमावरून करतात. समजा वाळूची पारगम्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता) दिवसाला ५ मीटर, पाणीपातळीचा उतार हजार मीटरला ५ मीटर आणि सच्छिद्रता (मातीतल्या पोकळ्यांचा वाटा) २५ टक्के. पाणी दिवसाला १० सेंटिमीटर, म्हणजे वर्षाला ३६ मीटर सरकेल. १२० मीटरला तीन-साडेतीन वर्षं. बेंझिन मातीला थोडं चिकटत जात असल्याने पाण्याच्या मागे राहतं, आणि वाटेत जिवाणूही त्याला खातात. चिकणमाती असेल तर वर्षाला काही सेंटिमीटरच. त्या इंधनपंपाचं वय आणि हा वेग एकमेकांशी जुळतो का, ते आधी बघा.

दुसरी बाजू रसायनाची. जनरेटर डिझेलचा होता असं तुम्ही लिहिता. मग काम सोपं झालं. पेट्रोलचे रेणू साधारण ४ ते १२ कार्बनचे, डिझेलचे बहुतांशी १० ते २५ च्या आसपासचे. गॅस क्रोमॅटोग्राफ या, मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या आलेखात दोन्ही वेगळी दिसतात. प्रयोगशाळेकडून नुसता एकूण आकडा घेऊ नका, आलेखच मागा. पेट्रोलमध्ये एमटीबीई हे ऑक्टेन वाढवणारं रसायन मिसळलेलं असेल तर तोही धागा आहे. ते पाण्यात सहज विरघळतं, मातीला फारसं चिकटत नाही आणि बेंझिनच्या पुढे पळतं. १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका शहराला त्याच्यामुळे विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराचा जवळपास निम्मा पाणीपुरवठा गेला. सेंद्रिय शिसं, म्हणजे पूर्वी पेट्रोलमध्ये मिसळत ते शिशाचं संयुग, निघालं तर इंधन जुन्या काळातलं. गाड्यांसाठी शिसंयुक्त पेट्रोल विकणारा शेवटचा देश अल्जीरिया, तिथेही ते २०२१ मध्ये थांबलं.

डिझेलमधला १७ कार्बनचा सरळ रेणू जिवाणू आधी खातात आणि प्रिस्टेन नावाचा फांदीदार रेणू मागे उरतो, म्हणून त्यांच्या गुणोत्तरावरून इंधन किती झिजलं ते कळतं. त्यावरून सांडल्याचं नेमकं साल सांगणारा कोणी भेटला, तर मी त्याच्यावर विश्वास ठेवणार नाही. झीज माती, ओल आणि प्राणवायूवर ठरते.

पंपाच्या मालकांना सांगा की प्रत्येक नमुना दोन भागांत घेऊ, एक तुमच्या प्रयोगशाळेला, एक आमच्या. कुपी कोणी, कधी, कोणाच्या हाती दिली याचा सह्यांचा कागद प्रत्येक नमुन्याबरोबर ठेवा. तो नसेल तर उत्तम नमुनाही वादात टिकत नाही. त्यांच्या टाकीतल्या इंधनाचा नमुना आणि टाकीतल्या साठ्याच्या नोंदी मागा. आणि तुमच्या जनरेटरच्या टाकीखालची माती तपासायला तुम्ही आधी तयार व्हा. तुमचं म्हणणं ऐकून घेतलं जाईल ते त्यामुळेच.

प्रश्न : उन्हाळ्यात निरीक्षण-विहिरीत हातभर जाडीचा तेलाचा थर होता. पावसाळ्यात तो नाहीसा झाला. प्रदूषण संपलं असं समजायचं का?

कृपा करून तसं समजू नका. पावसाने पाणीपातळी वर आली आणि तेल मातीच्या छिद्रांत पाण्याखाली अडकलं, इतकंच. पातळी पुन्हा उतरली की ते सुटून विहिरीत येईल. दरवर्षीच्या या वर-खाली होण्यात तेल उभ्या पट्ट्यात माखत जातं, त्यामुळे माती तपासताना सगळ्यात खालच्या आणि सगळ्यात वरच्या पाणीपातळीमधला पूर्ण पट्टा तपासावा लागतो. उन्हाळ्यातली हातभर जाडीही जशीच्या तशी धरू नका. दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं मातीच्या बारीक छिद्रांत पाणी वर चढलेलं असतं आणि तेल त्याच्या आसपास अडकतं. मोकळ्या पाइपात तसं काही नसल्याने तेल आत साचून राहतं, म्हणून पाइपातला थर बाहेरच्या मातीतल्यापेक्षा सहसा जाड दिसतो. वर्षभर, दर महिन्याला, तेल आणि पाणी दोन्हींची पातळी मोजणाऱ्या सोंडेने नोंद ठेवा. एका मोसमाच्या आकड्यावर "काम संपलं" असं सांगणाऱ्या प्रमाणपत्रावर सही करू नका.

प्रश्न : तपासणी झाली. बेंझिन माझ्या हद्दीतच आहे, जवळ कोणाची विहीर नाही, गळकी टाकी काढली. तरी सगळी दूषित माती खणून काढावीच लागेल का?

आवश्यक नाही, पण तसं ठरवायला पुरावा लागतो. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात बेमिजी गावाजवळ २० ऑगस्ट १९७९ रोजी कच्च्या तेलाची वाहिनी फुटली आणि सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंच काढलं, तरी काही लाख लिटर जमिनीत राहिलं. १९८३ पासून तिथल्या भूगर्भ सर्वेक्षणाचे शास्त्रज्ञ त्या जागेचा अभ्यास करत आहेत. जिवाणू प्राणवायू संपल्यावरही लोह वापरून आणि मिथेन तयार करत हायड्रोकार्बन खातात, आणि म्हणून दूषित पट्टा भूजलाच्या वेगापेक्षा कितीतरी हळू पुढे सरकतो, हे त्या जागेने दाखवून दिलं. त्याच जागेने हेही दाखवलं की तेल स्वतः दशकानुदशकं टिकून राहतं.

तेव्हा "निसर्ग बघून घेईल" म्हणून सोडून द्यायचं नाही, निसर्ग खरंच काम करतोय का ते मोजायचं. पट्ट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या विहिरींत विरघळलेला प्राणवायू, नायट्रेट, लोह, सल्फेट आणि मिथेन बघायचे. जिवाणू कामाला असतील तर आत प्राणवायू, नायट्रेट आणि सल्फेट घटलेले दिसतात, विरघळलेलं लोह आणि मिथेन वाढलेले. सोबत बेंझिनचा आकडा अनेक फेऱ्यांत उतरत जायला हवा, आणि पट्ट्याच्या टोकापलीकडची एक विहीर कायम स्वच्छ राहायला हवी. ती पहारेकरी विहीर तुमच्याकडे नाही, हद्दीच्या आत ती आधी बसवून घ्या. तुमच्या अहवालात लोह, सल्फेट आणि प्राणवायूचे रकाने रिकामे आहेत. पाणीपातळी सगळ्यात खाली असेल तेव्हा एक फेरी आणि वर असेल तेव्हा एक, अशा दोन फेऱ्या करून ते भरा आणि मला पाठवा. मग माती काढायची की थांबायचं, यावर मला तुम्हाला काही ठोस सांगता येईल.